सकाळी ११ वाजताच ‘सर्व्हर स्लो’ का होतो? ठरावीक वेळी मंदावणाऱ्या डेटाबेसचं निदान

बँक असो, पतसंस्था असो की कॉलेजचं प्रवेश काउंटर, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास एक वाक्य हमखास कानावर पडतं: “सर्व्हर स्लो आहे, जरा थांबा.” तेच काम घेऊन दुपारी तीनला गेलात तर दोन मिनिटांत मोकळे होता. कॉम्प्युटर तोच, सॉफ्टवेअर तेच, काउंटरमागचा माणूसही तोच. मग मधल्या चार तासांत बदललं काय?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: गर्दी. कधी कधी ते बरोबरही असतं. पण अनेकदा गर्दीचा काही संबंध नसतो, आणि गर्दी समजून लाखभर रुपयांचा नवा सर्व्हर घेतला तरी पुढच्या सोमवारी अकरा वाजता रांग तिथेच उभी असते. म्हणून हे निदान कसं करतात ते समजून घेऊ.

आधी एक छोटी ओळख

डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. त्याला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. “खाते क्रमांक अमुकची शिल्लक किती?” ही एक क्वेरी. “या खात्यात ५०० रुपये जमा कर” हीसुद्धा क्वेरीच, फक्त ती माहिती वाचत नाही, बदलते. वाचणं आणि बदलणं हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावरच एक चोर सापडणार आहे.

क्वेरीला लागलेला वेळ दोनच ठिकाणी जातो. एक तर ती काम करत असते, म्हणजे प्रोसेसरवर हिशेब चालू असतो किंवा डिस्कवरून माहिती वाचली जात असते. नाहीतर ती वाट पाहत असते: कुणीतरी धरून ठेवलेल्या नोंदीची, डिस्कच्या रांगेची, किंवा डेटाबेसशी जोडणी मिळण्याची. निदानाचा पहिला फाटा हाच. कामच वाढलंय की वाट पाहणं वाढलंय? हे न ठरवता केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

घड्याळ काय सांगतंय ते नीट वाचा

“सकाळी स्लो होतं” एवढं पुरत नाही. किती वाजून किती मिनिटांनी सुरू होतं, हळूहळू चढतं की एकदम कोसळतं, किती वेळ टिकतं आणि आपोआप बरं होतं का, हे हवं. शक्य असेल तर मिनिटामिनिटाचा आलेख काढा. त्यातूनच निम्मं उत्तर मिळतं.

माणसं टेकडीसारखी येतात. पावणेदहाला दोन, दहाला दहा, साडेदहाला पन्नास. आलेख गोलसर चढतो आणि जेवणाच्या वेळी उतरतो. यंत्र मात्र कड्यासारखं येतं. बरोबर १०:०० वाजता, एकाच मिनिटात, सरळ उभी रेष दिसली तर कुणीतरी लावून ठेवलेलं स्वयंचलित काम शोधा. याला ठळक अपवाद आहे तो रेल्वेच्या तत्काळ बुकिंगचा. एसीसाठी सकाळी १० आणि नॉन-एसीसाठी ११ वाजता बुकिंग उघडतं, तेव्हा लाखो माणसं यंत्रासारखी एकाच सेकंदाला बटण दाबतात. तिथे कडा माणसांचाच असतो.

दुसरी परीक्षा सुट्टीच्या दिवसाची. रविवारी कार्यालय बंद असूनही साडेदहाला डेटाबेस हळू होत असेल, तर बिचाऱ्या ग्राहकांचा दोष नाही, एवढं नक्की.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण ती फुकट आहे आणि फार कमी लोक करतात. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. “रात्री दोन वाजता चालवा” म्हणून लावलेलं काम प्रत्यक्षात आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतं, आणि “पहाटे पाच” म्हणजे आपले साडेदहा! कंपनी अमेरिकेतली असेल तर आणखी गंमत. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास सरकवतात. तुमचा मंदावण्याचा काळ त्याच सुमारास तासाभराने सरकत असेल, तर तो तुमच्या गर्दीचं घड्याळ पाळत नाही, अमेरिकेचं पाळतोय.

गर्दी खरी असेल तर

गर्दीचं गणित आपल्या अंदाजापेक्षा क्रूर आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली फोनकॉलच्या गर्दीचं गणित मांडलं. त्यातून वाढलेल्या रांगांच्या शास्त्राचा एक सोपा निष्कर्ष असा: एकच खिडकी आहे आणि माणसं कशीही अधूनमधून येतात असं धरलं, तर खिडकी ५० टक्के व्यस्त असताना एका कामाला रिकाम्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के व्यस्त असताना पाचपट. ९० टक्क्यांना दहापट, आणि ९५ टक्क्यांना वीसपट.

म्हणजे ५० वरून ६० टक्क्यांवर गेलात तर फारसं जाणवत नाही. ८५ वरून ९५ वर गेलात की हाहाकार. “गर्दी थोडीशीच वाढली, मग एवढं स्लो का?” याचं उत्तर इथे आहे. खऱ्या सर्व्हरला एकाहून जास्त खिडक्या असतात, त्यामुळे आकडे जरा सौम्य होतात, पण वळण तसंच राहतं.

जोडण्यांचंही असंच. ॲप्लिकेशन डेटाबेसशी ठरावीक जोडण्याच उघडी ठेवतं, समजा २०. सेकंदाला १०० क्वेरी येतात आणि प्रत्येकीला ०.०५ सेकंद लागतो, तर एका वेळी सरासरी ५ जोडण्या वापरात असतात. काही कारणाने क्वेरीचा वेळ ०.५ सेकंद झाला की ५० जोडण्या लागतात. आहेत २०. उरलेल्या क्वेरी डेटाबेसच्या दारातच उभ्या राहतात. अशा वेळी डेटाबेसच्या आतून पाहिलं तर फक्त २० जण दिसतात, आणि तिथला माणूस छातीठोकपणे सांगतो, “आमच्याकडे सगळं ठीक आहे.” रांग बाहेर आहे, हे त्याला दिसतच नाही.

रात्रीचं काम सकाळपर्यंत लांबलं

बॅकअप, दिवसअखेरीचे हिशेब, मोठे अहवाल ही कामं रात्री लावलेली असतात. पहिल्या वर्षी दोनला सुरू होऊन पाचला संपायची. माहिती वाढत गेली. आता तीच कामं पावणेदहाला संपतात, आणि तोवर काउंटर उघडलेलं असतं. चौकशी केली तर सगळे शपथेवर सांगतात की आम्ही काहीच बदललं नाही. खरंच बदललेलं नसतं. फक्त माहिती वाढलेली असते.

त्याचा एक चुलत प्रकार म्हणजे ‘थंड’ स्मृती. डेटाबेस नेहमी लागणारी माहिती रॅममध्ये हाताशी ठेवतो. रॅममधून वाचायला अंदाजे १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरून त्याच्या साधारण हजारपट, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे लाखपट. रात्रीच्या अहवालाने अख्खं टेबल वाचून काढलं की नेहमीची माहिती रॅममधून बाहेर ढकलली जाऊ शकते. सकाळी पहिल्या ग्राहकांना सगळं डिस्कवरून आणावं लागतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसमध्ये मोठ्या वाचनाने स्मृती धुऊन जाऊ नये म्हणून सोय आहे, पण ती संपूर्ण संरक्षण नाही. खूण सोपी: पहिली दहा-पंधरा मिनिटं त्रास, मग कुणी काही न करता सगळं सुरळीत.

याच्या बरोब्बर उलटी खूण म्हणजे सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासाने मंद. सर्व्हर क्लाउडवर असेल तर ही नक्की तपासा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर जीपी२ नावाचा डिस्कचा जुना प्रकार आहे. त्यात दर जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखनं मिळतात, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कला ३००. पण साठवलेल्या ‘क्रेडिट’वर ती ३,००० पर्यंत उडी मारू शकते. रात्रभर क्रेडिट साठतं, पूर्ण भरलं की ५४ लाख होतं. सकाळी पूर्ण वेगाने वापर सुरू झाला की साधारण ३३ मिनिटांत ते संपतं आणि वेग एकदम दहाव्या हिश्श्यावर येतो. दहाला कार्यालय उघडलं, साडेदहापर्यंत मजेत, मग ठप्प. नवीन जीपी३ प्रकारात हा क्रेडिटचा खेळ नाही.

भवानी कुणाच्या हातची?

दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाच्या भवानीवरून दिवस जोखतो. काही डेटाबेस अक्षरशः तसंच वागतात.

क्वेरी आली की डेटाबेस आधी योजना ठरवतो: इंडेक्स वापरून थेट नोंदीकडे जायचं की सगळं टेबल चाळायचं. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीतून एक शब्द शोधायचा असेल तर सूची उत्तम. पण प्रत्येक पानावर असलेला शब्द शोधायचा असेल तर सूची आणि पान असं मागेपुढे करण्यापेक्षा पुस्तक सरळ वाचलेलं बरं. एसक्यूएल सर्व्हरसारखे डेटाबेस पहिल्या क्वेरीतल्या किमतीकडे बघून योजना आखतात आणि तीच पुढच्यांसाठी वापरतात. सकाळी पहिली चौकशी १० व्यवहार असलेल्या खात्याची झाली, तर योजना छोट्या खात्याला साजेशी बनते. मग १० लाख व्यवहारांचं खातं आलं की त्याच योजनेने रखडत राहतं. दुसऱ्या दिवशी पहिला कुणी मोठा आला तर सगळं वेगळं.

हा प्रकार फसवा आहे, कारण सर्व्हर रीस्टार्ट केला की योजना पुसली जाते आणि त्रास जातो. लोक धडा घेतात की रीस्टार्ट हाच उपाय. मग रोज सकाळी रीस्टार्ट करणारा एक माणूस नेमला जातो. यावर विनोद करावासा वाटतो, पण असे ‘रीस्टार्टवाले’ बऱ्याच कार्यालयांत खरोखर असतात.

योजना बिघडण्याचं दुसरं कारण म्हणजे शिळी आकडेवारी. कोणत्या टेबलात साधारण किती आणि कशा नोंदी आहेत याचा डेटाबेस अंदाज ठेवतो. रात्री पाच लाख नव्या नोंदी भरल्या आणि अंदाज ताजा झाला नाही, तर सकाळची योजना कालच्या जगासाठी बनते. पोस्टग्रेस मूळ सेटिंगनुसार साधारण १० टक्के नोंदी बदलल्यावरच आकडेवारी ताजी करतो. टेबल पाच कोटींचं असेल तर पाच लाख म्हणजे फक्त १ टक्का, आणि नेमक्या याच ताज्या नोंदी सकाळी सगळ्यांना हव्या असतात. उपाय सोपा आहे: रात्रीच्या भरण्यानंतर लगेच आकडेवारी ताजी करण्याची आज्ञा द्यायची.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा एक पतसंस्था आहे. रोज सकाळी १०:४० ते ११:३० काउंटर अडतं. संचालक मंडळ नव्या सर्व्हरच्या खर्चाला मंजुरी द्यायच्या बेतात आहे.

पहिली गोष्ट, प्रोसेसर पाहिला. अडलेल्या वेळेतही तो ३० टक्केच व्यस्त. डिस्कही निवांत. म्हणजे काम वाढलेलं नाही, कुणीतरी वाट पाहतंय. नवा सर्व्हर इथेच बाद झाला.

दुसरी गोष्ट, काउंटरवरच्या ताईंना विचारलं की नेमकं काय अडतं. त्या म्हणाल्या, “शिल्लक बघायला काही नाही, पटकन दिसते. जमा आणि नावे टाकताना फिरत बसतं.” हे वाक्य सोन्याचं. वाचायला वेळ लागत नाही, बदलायला लागतो, म्हणजे कुलपाचा संशय. पोस्टग्रेस, ओरॅकल किंवा मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये साधं वाचन लेखनासाठी थांबत नाही. पण एकाच नोंदीत दोघांना बदल करायचा असेल तर दुसऱ्याला थांबावंच लागतं, पहिल्याचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत.

तिसरी गोष्ट, अडलेल्या वेळेतच डेटाबेसला विचारलं की आत्ता कोण कशासाठी थांबलंय. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी नावाची यादी हे सांगते. काउंटरचे सगळे व्यवहार एकाच नोंदीसाठी थांबले होते: ‘हातातील रोख’ या खात्याची आजची बेरीज. आणि ती नोंद धरून बसला होता पिग्मीचा भरणा.

पिग्मी एजंट आदल्या संध्याकाळी घरोघरी, दुकानोदुकानी गोळा केलेली रक्कम आणि मशीनमधला डेटा सकाळी शाखेत आणून देतात. एका एजंटची साधारण ३५० खाती. सॉफ्टवेअर पूर्ण भरणा एकाच व्यवहारात करायचं. इथवरही फार बिघडलं नसतं, कारण ३५० नोंदी करायला काही सेकंद पुरतात. पण प्रत्येक खात्यात रक्कम जमा झाली की खातेदाराला एसएमएस जायचा, आणि तो त्याच व्यवहाराच्या पोटात. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेकडून पोच यायला एक सेकंद. ३५० सेकंद, म्हणजे जवळपास सहा मिनिटं, रोख खात्याचं कुलूप बंद. असे आठ एजंट एकामागून एक. सत्तेचाळीस मिनिटं. १०:४० ला सुरू, ११:२७ ला खलास.

दुरुस्ती अशी की एसएमएस व्यवहाराच्या बाहेर काढायचे: आधी रक्कम जमा करून व्यवहार पूर्ण करायचा, संदेश एका यादीत टाकायचे आणि ते मागून सावकाश पाठवायचे. रोख खात्याची बेरीज व्यवहाराच्या अगदी शेवटी बदलायची, म्हणजे कुलूप क्षणभरच लागतं. खर्च दोन दिवसांच्या प्रोग्रॅमिंगचा.

मायएसक्यूएलमध्ये अशा वेळी ५० सेकंद वाट पाहून चुकीचा संदेश येतो, ही मूळ सेटिंग. पोस्टग्रेसमध्ये मूळ सेटिंगला मर्यादाच नाही, कितीही वेळ थांबतो. त्यामुळे एकाच रोगाची लक्षणं दोन ठिकाणी वेगळी दिसतात: एकीकडे एरर, दुसरीकडे नुसतं फिरणारं चक्र.

पुरावा आधीपासून गोळा करा

त्रास दुपारी संपल्यावर तज्ज्ञ आला तर त्याला काय दिसणार? म्हणून नोंद आधीपासून चालू हवी. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून क्वेरी स्टोअर, ओरॅकलमध्ये दर तासाची एडब्ल्यूआर नोंद (तिचा परवाना वेगळा घ्यावा लागतो) ही त्यासाठीची साधनं. मायएसक्यूएलमध्ये मंद क्वेरींची वही आहे, पण ती मुळात बंद असते, आणि चालू केली तरी १० सेकंदांपेक्षा जास्त लागलेल्याच क्वेरी टिपते. मर्यादा एक सेकंदावर आणल्याशिवाय तिचा फारसा उपयोग नाही.

मग चांगल्या वेळेची आणि वाईट वेळेची तीच क्वेरी शेजारी ठेवा. क्वेरी येण्याची संख्या वाढली असेल तर गर्दी. संख्या तीच, पण एका क्वेरीमागे तपासलेल्या नोंदी शंभरपट झाल्या असतील तर योजना किंवा माहिती बदलली. संख्या तीच, नोंदी त्याच, फक्त वेळ वाढला असेल तर वाट पाहणं: कुलूप, डिस्क किंवा शेजारचं एखादं जड काम.

सरासरीवर मात्र विसंबू नका. हजार क्वेरींपैकी ९९० ना १० मिलिसेकंद आणि १० ना ५ सेकंद लागले, तर सरासरी येते ६० मिलिसेकंद. कागदावर झकास. त्या दहा जणांना विचारा.

आणखी एक सावधगिरी. एक्सप्लेन ॲनालाइझ ही आज्ञा योजना दाखवताना क्वेरी खरोखर चालवते. नोंदी पुसणाऱ्या क्वेरीवर ती सहज म्हणून चालवलीत तर नोंदी खरोखर पुसल्या जातात.

घाईतले उपाय महागात पडतात

सकाळच्या त्रासाला कंटाळून सर्वात आधी बळी जातो तो बॅकअपचा. “तात्पुरता बंद ठेवू” म्हणतात, आणि डिस्क बिघडते त्या दिवशी कळतं की तात्पुरतं म्हणजे आठ महिने होते. बॅकअपची वेळ बदला, किंवा मुख्य डेटाबेसच्या नकलेवरून बॅकअप घ्या, पण बंद करू नका.

पोस्टग्रेसमध्ये दुसरा बळी ऑटोव्हॅक्यूम. जुन्या नोंदींचा कचरा साफ करणारं हे काम यादीत सतत दिसतं, म्हणून दोषी वाटतं. पण तेच व्यवहारांचे क्रमांक संपू न देण्याचं कामही करतं. हे क्रमांक फिरून पुन्हा वापरले जातात आणि सफाईशिवाय साधारण २०० कोटींच्या पुढे जाता येत नाही. सफाई मागे पडली तर डेटाबेस स्वतःच्या संरक्षणासाठी नवं लेखन थांबवतो. २०१५ मध्ये सेंट्री आणि २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल सेवा याच कारणाने ठप्प झाली होती. दोन्ही अनुभवी तांत्रिक कंपन्या. सफाई जड जात असेल तर ती बंद करण्याऐवजी जास्त वेळा करावी, म्हणजे प्रत्येक वेळी कचरा कमी असतो.

तुम्ही स्वतः डेटाबेस सांभाळत नसाल, फक्त त्याचा त्रास सोसत असाल, तरी तक्रार लिहिताना एवढं लिहा: “मंगळवार, १०:५२. रक्कम जमा करताना दोन मिनिटं अडकलं. शिल्लक मात्र लगेच दिसत होती. शेजारच्या दोन्ही काउंटरवर तेच. ११:३० नंतर आपोआप ठीक.” वरच्या पतसंस्थेत अशी एक चिठ्ठी मिळाली असती, तर कुलपापर्यंत पोचायला अर्धा तासही लागला नसता.